पोटभाडेकरू संगणक

(मंडळाच्या सभासदांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यकारिणीने मला दिलेला विषय असा आहे: ‘जुन्या संगणकावर व्हर्च्युअल मशीन सुरू होत नसेल तर काय करावे?’ नाट्यगीतांच्या आणि पाककलेच्या कार्यक्रमांमध्ये असा विषय म्हणजे श्रीखंडाच्या वाटीत स्क्रू सापडल्यासारखं आहे, याची मला कल्पना आहे. पण आपल्या मंडळाचे जुने दिवाळी अंक पुन्हा कसे वाचता येऊ लागले, त्याचीच ही हकीगत आहे, त्यामुळे ज्यांचा संगणकाशी संबंध फक्त नातवंडांशी व्हिडिओवर बोलण्यापुरता आहे त्यांनीही बसून राहायला हरकत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. आपलं मंडळ सुरुवातीपासून स्मरणिका काढत आलंय. पण बहारीनमध्ये कायमचं राहायला कोण येतं? पाच वर्षं, दहा वर्षं, फार तर तीस वर्षं. मग एक दिवस व्हिसा संपतो, नाहीतर मुलाची बारावी येते, आणि कार्गोवाला वजनकाटा घेऊन दारात उभा राहतो. किलोच्या हिशेबात दिवाळी अंक कधीच बसत नाहीत हो! कुकर बसतो, मिक्सर बसतो, अंक रद्दीत जातात. त्यामुळे २००५ च्या आधीच्या आपल्या कितीतरी अंकांची छापील प्रत आज बहारीनमध्ये कुणाच्याही घरी नाही.

होतं काय, तर कपाटात काही सीडी, आणि २००३ साली घेतलेल्या पेंटियम फोर संगणकाची काढून ठेवलेली हार्ड डिस्क. तो संगणक २०१५ च्या सुमारास बंद पडला. मदरबोर्डवरचे कपॅसिटर पापडासारखे फुगले होते. कुणीतरी शहाणपणाने डिस्क काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली आणि वर बॉलपेनने ‘अंक – टाकू नये’ असं लिहिलं. ज्याने लिहिलं त्याला माझा दंडवत.

गेल्या वर्षी ठाण्याहून एका काकूंचा फोन आला. त्यांचे यजमान इथे सव्वीस वर्षं होते. काकांनी २००३ च्या अंकात लेख लिहिला होता, ‘द्वारका’ बोटीने मुंबईहून आखातात आले त्या प्रवासाचा. इथल्या जुन्या मंडळींना ‘द्वारका’ माहीत असेल. ब्रिटिश इंडिया कंपनीची ही बोट मुंबईपासून आखाती बंदरांपर्यंत डेकवरचे प्रवासी घेऊन यायची, आणि १९८२ साली ती निवृत्त झाली. विमानाचं तिकीट परवडत नसे तेव्हा हजारो माणसं वळकटी आणि लोणच्याची बरणी घेऊन तिच्यावरून इकडे आली. काका आता नाहीत. काकूंकडचा अंक घर बदलताना गेला. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे असेलच ना रे, मंडळाचाच अंक तो. नातवाला दाखवायचाय." आता ‘नाही’ म्हणायचं कसं?

इथून पुढे तांत्रिक भाग सुरू होतो. धीर धरा.

डिस्क वाचता आली. साध्या अडॅप्टरने यूएसबीला जोडली आणि २००३ च्या अंकाची पेजमेकरची फाइल दिसली. पण दिसणं वेगळं आणि उघडणं वेगळं. पेजमेकर हे आल्डस कंपनीने १९८५ साली आणलेलं पानं लावायचं सॉफ्टवेअर. पुढे १९९४ मध्ये ॲडोबीने आल्डस विकत घेतली, २००१ साली पेजमेकर ७ ही शेवटची आवृत्ती निघाली, आणि मग ते कायमचं थांबलं. महाराष्ट्रातली अर्धी छापखाना-सृष्टी मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं त्याच्यावरच चालत होती.

दुसरी भानगड फॉन्टची. आज आपण मोबाइलवर मराठी लिहितो ते युनिकोडमध्ये. त्यात ‘क’ला जगभर एकच ठरलेला क्रमांक आहे. देवनागरीला युनिकोडमध्ये जागा १९९१ सालीच मिळाली होती, विंडोज २००० पासून ‘मंगल’ फॉन्टही आला, पण पेजमेकरला युनिकोड कधीच कळलं नाही. त्यामुळे छपाईचं मराठी चालायचं ते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीवर, नाहीतर सी-डॅकच्या आयएसएमवर, नाहीतर आकृतीवर. त्यांची पद्धत अशी की इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरांची चित्रं बसवायची. संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच लिहिताय, डोळ्यांना फक्त मराठी दिसतं. फॉन्ट गेला की मराठी गेलं! आणि प्रत्येक कंपनीची बसवणूक वेगळी. म्हणून काकांचा लेख नव्या लॅपटॉपवर नुसता मजकूर म्हणून उघडला तेव्हा डॉलर, स्वल्पविराम आणि डोक्यावर टोप्या घातलेली फ्रेंच अक्षरं, एवढंच दिसलं.

म्हणजे हवं काय होतं? विंडोज एक्सपी, त्यात पेजमेकर, त्यात श्रीलिपीचे फॉन्ट. सगळ्याच्या मूळ सीडी कपाटात होत्या. एक्सपी चालवणारं यंत्र मात्र नव्हतं. अशा वेळी व्हर्च्युअल मशीन कामाला येतं.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय ते बहारीनकरांना समजवायला मला अजिबात कष्ट नाहीत. गुदैबियात दोन खोल्यांचा फ्लॅट असतो, त्यात मूळ भाडेकरू प्लायवूडचं पार्टिशन घालतो आणि आत एक पोटभाडेकरू ठेवतो. आपल्या संगणकातली विंडोज ७ किंवा १० ही मूळ भाडेकरू. पोटात एक्सपी. फरक इतकाच की या पोटभाडेकरूला आपण पोटभाडेकरू आहोत हे माहीतच नसतं. त्याला वाटतं, सगळा फ्लॅट आपला, मीटर आपल्या नावावर, घरमालकाशी थेट बोलणं आपलं. त्याची ही समजूत कायम ठेवायची, आणि प्रत्यक्षात त्याला पार्टिशनबाहेर पाऊल टाकू द्यायचं नाही, हे काम करणारं सॉफ्टवेअर म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर वगैरे.

कल्पना नवीन नाही. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर साठच्या दशकातच हे प्रयोग झाले आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने ते बाजारात आलं. आज तर जग त्याच्यावर चालतं. ॲमेझॉनने मध्यपूर्वेतलं आपलं पहिलं क्लाउड केंद्र २०१९ साली सुरू केलं ते आपल्या बहारीनमध्येच, आणि क्लाउड म्हणजे तरी काय, असे लाखो पोटभाडेकरू.

पण आपल्या घरगुती संगणकांची जात वेगळी. पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी १९७४ मध्ये एक निकष मांडला. पोटभाडेकरूने घरमालकाच्या अधिकाराला हात लावणारं काहीही केलं की घंटा वाजली पाहिजे, तरच प्रोसेसर या कामाला सरळपणे चालतो. इंटेलच्या जुन्या प्रोसेसरमध्ये अशा सतरा सूचना निघाल्या की ज्यांना घंटाच नव्हती. पोटभाडेकरू गुपचूप काहीतरी करायचा आणि मूळ भाडेकरूला पत्ता नसायचा. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये यातून वाट काढली ती अशी, की पोटभाडेकरूचं प्रत्येक बोलणं आधी ऐकायचं, त्यातलं धोक्याचं तेवढं बदलायचं आणि मग पुढे जाऊ द्यायचं. कसरतच होती, पण चालली. शेवटी नोव्हेंबर २००५ मध्ये इंटेलने प्रोसेसरमध्येच सोय केली, तिचं नाव व्हीटी-एक्स. एएमडीने २००६ मध्ये स्वतःची एएमडी-व्ही आणली. आजच्या भाषणात अडचणी येणार आहेत त्यातल्या निम्म्या या एका सोयीपाशी येऊन थांबतात, म्हणून हा इतिहास.

आता तुम्ही विचाराल, एवढे लोक आयटीत आहेत, कुणाच्याही नव्या लॅपटॉपवर का नाही केलं? तर त्यातल्या निम्म्यांचे लॅपटॉप कंपनीचे. त्यावर एक फॉन्टसुद्धा स्वतःच्या मनाने घालता येत नाही. शिवाय हे काम एका बसणीत होणारं नव्हतं. दर शुक्रवारी वेगवेगळी माणसं येऊन करणार, त्यामुळे यंत्र मंडळाच्या खोलीतच असायला हवं होतं. आणि खोलीत होता एका ऑफिसने दिलेला जुना डेस्कटॉप. त्यात कोअर टू ड्युओ, ई४५०० प्रोसेसर, दोन जीबी मेमरी आणि ३२ बिट विंडोज ७.

व्हर्च्युअलबॉक्सची नवी आवृत्ती उतरवली. ती बसलीच नाही. याचं कारण साधं आहे. व्हर्च्युअलबॉक्सने डिसेंबर २०१८ च्या ६.० आवृत्तीपासून ३२ बिट विंडोजवर चालणं बंद केलं, आणि डिसेंबर २०१९ च्या ६.१ पासून व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही नसलेल्या प्रोसेसरला रामराम ठोकला. यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, घंटा नसलेल्या घरांसाठी कुठवर कसरत करायची? पण जुन्या यंत्रावर काम करायचं तर हे दोन टप्पे पाठ हवेत. ३२ बिटवर शेवटची चालणारी मालिका ५.२. तिची देखभाल २०२० मध्ये थांबली, तरी व्हर्च्युअलबॉक्सच्याच जुन्या आवृत्त्यांच्या कप्प्यात ती मिळते. भलत्या ठिकाणाहून घेऊ नका.

५.२ बसली. नवं मशीन तयार केलं, ‘स्टार्ट’ दाबलं, आणि खिडकी उघडायच्या आत लाल फुली: ‘व्हीटी-एक्स इज नॉट अव्हेलेबल’.

हा संदेश नीट वाचायला शिका, कारण याची दोन भावंडं आहेत आणि दिसायला सारखी आहेत. एक म्हणतं, ‘व्हीटी-एक्स उपलब्ध नाही’. दुसरं म्हणतं, ‘व्हीटी-एक्स बायॉसमध्ये बंद केलेलं आहे’. दुसरं आलं तर आनंद माना, कारण सोय घरात आहे, फक्त कुलूप घातलेलं आहे. संगणक सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबून बायॉसमध्ये जायचं आणि ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ अशी ओळ शोधायची. ती कधी ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये, कधी ‘सिक्युरिटी’मध्ये, कधी प्रोसेसरच्या पानात दडलेली असते. ती चालू करून, सेव्ह करून, संगणक पूर्ण बंद करायचा. नुसता रीस्टार्ट कित्येक जुन्या मदरबोर्डना पुरत नाही. प्लग काढा, दहापर्यंत मोजा, मग लावा.

आणखी एक बारीक गोष्ट, जी पुस्तकात सापडत नाही. दुसऱ्या दिवशी तोच संदेश परत आला तर बायॉसला दोष देऊ नका, घड्याळ बघा. तारीख भलतीच दाखवत असेल तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलीय. तिचा क्रमांक सीआर२०३२, कुठल्याही कोल्ड स्टोअरमध्ये मिळते. (भारतातून नुकत्याच आलेल्यांसाठी: कोल्ड स्टोअर म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. इथे आईस्क्रीमपासून चप्पलपर्यंत सगळं तिथेच.) बॅटरी संपली की बायॉस रोज सकाळी सगळं विसरतो.

आपल्या डेस्कटॉपवर मात्र पहिलं भावंड आलं होतं. आमचे दोन उत्साही तरुण बायॉसमध्ये शिरून पानन् पान शोधत होते. ओळ सापडेना. सापडणार कशी? या प्रोसेसरमध्ये ती सोयच नाही! ‘कोअर टू ड्युओ’ या एकाच नावाखाली दोन्ही प्रकार विकले गेले. ई६६०० मध्ये व्हीटी-एक्स आहे, ई४००० मालिकेत नाही. स्टिकरवरून कळत नाही, पूर्ण क्रमांक बघून इंटेलच्या यादीत शोधावं लागतं. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते सगळ्यात आधी करावं.

यावरून आठवलं. २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर मायक्रोसॉफ्टने ‘एक्सपी मोड’ नावाची हीच सोय दिली होती, पण त्याला व्हीटी-एक्स हवं अशी अट घातली. इतक्या लोकांच्या संगणकात ते नव्हतं की मार्च २०१० मध्ये त्यांना ती अट काढावी लागली. म्हणजे आपण काही एकटे नव्हतो.

मग उपाय? व्हर्च्युअलबॉक्स ५.२ मध्ये ती जुनी, घंटेशिवायची कसरत शिल्लक आहे. पण तिच्या दोन अटी आहेत. आतली विंडोज ३२ बिटच हवी, आणि तिला प्रोसेसर एकच दिलेला हवा. एक्सपी ३२ बिटच होती. पण मशीनच्या सेटिंगमध्ये प्रोसेसर दोन ठेवलेले होते, ‘एकापेक्षा दोन बरे’ या न्यायाने. दोनचा एक केला आणि लाल फुली गेली. एक आकडा, हो! त्या एका आकड्याने दोन शुक्रवार खाल्ले होते.

लगेच दुसरी तक्रार उभी राहिली, मेमरी. दोन जीबीच्या घरात पोटभाडेकरूला दीड जीबी देऊ केली होती. मूळ भाडेकरू झोपणार कुठे? एक्सपीला कागदोपत्री किमान ६४ एमबी लागते, १२८ असेल तर बरं. आपण ५१२ दिली आणि पेजमेकर अगदी खुशीत चालला. व्हर्च्युअलबॉक्समध्ये मेमरीची पट्टी सरकवताना हिरवा आणि लाल भाग दिसतो, त्या लाल भागाला मान द्यायचा असतो.

आता खरी गंमत. आमच्यातल्या काहींचा आग्रह होता की जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करून तीच व्हर्च्युअल मशीनमध्ये सुरू करायची, म्हणजे २००३ चा संगणक, वॉलपेपरवरच्या गणपतीसकट, जिवंत होईल. चाळीस जीबीची नक्कल केली, जोडली, सुरू केली. एक्सपीचा लोगो आला, पट्टी तीनदा सरकली, आणि निळा पडदा. शेवटी क्रमांक ७बी.

७बी म्हणजे विंडोज म्हणतेय, ‘मी जागी झाले, पण माझी डिस्क मला सापडत नाही’. याची दोन कारणं असतात. पहिलं, डिस्क साटा जोडणीवर दिलेली असते आणि एक्सपीला साटाचा हा प्रकार मुळातून येत नाही. ती आयडीई जोडणीवर हलवायची. आम्ही हलवली, तरी निळा पडदा तसाच. कारण दुसरं: त्या एक्सपीला तिच्या जन्माच्या मदरबोर्डवरचीच आयडीई ओळखीची होती, व्हर्च्युअलबॉक्सची नव्हे. नोंदी दुरुस्त करून तिला नवी ओळख शिकवता येते, करणारे करतात. पण मी म्हटलं, गणपतीचा वॉलपेपर राहू द्या, आपल्याला लेख हवाय. एक रिकामी आयडीई डिस्क तयार केली, मूळ सीडीवरून ताजी एक्सपी टाकली, आणि जुन्या डिस्कची नक्कल दुसरी डिस्क म्हणून जोडली, तीही ‘इम्यूटेबल’ करून, म्हणजे चुकून तिच्यावर काही लिहिलं गेलं तरी पुढच्या वेळी सुरू करताना पुसलं जातं. अस्सल डिस्क परत वर्तमानपत्रात.

एक्सपी बसायला सबंध दुपार लागली. व्हीटी-एक्सशिवायचा वेग असाच असतो, घाई करून उपयोग नाही. बाहेर ऑगस्टमधलं बहारीन, आत एसी आणि ती हिरवी पट्टी. कुणीतरी भेळ केली होती. एक्सपीची नोंदणी करायला तीस दिवसांची मुदत असते, आपलं काम त्याच्या आत झालं. आणि एक सक्त नियम: आतल्या एक्सपीला इंटरनेट दिलं नाही. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला थांबलीय, तेव्हापासून तिच्या दाराला कडी नाही असं समजा. बाहेरच्या विंडोज ७ चीही देखभाल १४ जानेवारी २०२० ला संपली, म्हणून त्या डेस्कटॉपची केबलच काढून ठेवली आहे. फाइली आत-बाहेर नेण्यासाठी ‘गेस्ट ॲडिशन्स’ टाकून एक सामायिक फोल्डर केलं, तेवढी खिडकी पुरते.

काही जणांना श्रीलिपीच्या कुलपाची काळजी होती. ते पेन ड्राइव्हसारखं दिसणारं हार्डवेअर लॉक कधीच हरवलंय. पण आमच्या कामाला ते लागलंच नाही. कुलूप टाइप करायला लागायचं, आधी टाइप केलेलं दिसायला फक्त फॉन्ट लागतात. ते जुन्या डिस्कवर होतेच, ताज्या एक्सपीच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकले.

संध्याकाळी पेजमेकरमध्ये २००३ चा अंक उघडला. अनुक्रमणिका आली. आरत्यांचं पान आलं. एका बेकरीची जाहिरात आली, जी आता नाही. आणि पान ४१ वर काकांचा लेख, चार पानं, शेवटी त्यांची सही स्कॅन करून लावलेली.

आम्ही त्याचं पीडीएफ केलं आणि काकूंना दिसायला कमी येतं म्हणून मोठ्या टायपात छापून ठाण्याला जाणाऱ्या एकांबरोबर पाठवलं. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. आधी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तिसऱ्या पानावरचं ‘अथांग सागराचे मनोहारी दर्शन’ हे वाक्य ह्यांचं नाही. ह्यांना सबंध प्रवासात बोट लागली होती. ते तुमच्या संपादकांनी घातलंय." तेव्हाचे संपादक आज इथे नाहीत, त्यामुळे त्यांची बाजू मांडता येत नाही.

आपलं हे पीडीएफ म्हणजे जणू पानाचं चित्र. त्यात मराठी शब्द शोधता येत नाहीत, मजकूर नव्याने मांडता येत नाही. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये आणायचं काम आता चालू आहे. रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, पण जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं जशी दिसतात त्या क्रमाने ठेवलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलटं. प्रोग्राम बहुतेक ठिकाणी अदलाबदल करतो, जोडाक्षर आलं की गोंधळतो. ‘कीर्ती’चा रफार शेजारच्या घरी जातो. हे डोळ्यांनीच तपासावं लागतं. आपल्या मराठी वर्गातली आठवी-नववीची मुलं हे करतात आणि माझ्या मते शुद्धलेखनाच्या वहीपेक्षा त्यांना यातून जास्त मराठी कळतंय. एका मुलीने परवा विचारलं, ‘वळकटी’ हे आडनाव आहे का?

ज्यांचे लॅपटॉप नवे आहेत त्यांच्यासाठी दोन वाक्यं. तुमच्याकडे व्हीटी-एक्स असेल, चालूही असेल, तरी मशीन अडेल किंवा गोगलगायीसारखं चालेल. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली हिरवं कासव दिसलं तर समजा की विंडोजने स्वतःच ती सोय अडवून ठेवली आहे, बहुधा हायपर-व्ही किंवा ‘मेमरी इंटिग्रिटी’ या सुरक्षेच्या सोयीसाठी. ती बंद करता येते, पण सुरक्षा कमी करून जुना अंक वाचण्यापेक्षा कासव सहन करा असं मी सांगेन. आणि विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्यामुळे बरेच जण जुने संगणक टाकायला निघाले आहेत. टाकण्याआधी प्रोसेसरचा क्रमांक मला सांगा. व्हीटी-एक्स असलेला एक मिळाला तर आपल्या मुलांची दुपार वाचेल.

शेवटचा मुद्दा. पेजमेकर मोठे फोटो बहुधा स्वतःच्या पोटात ठेवत नाही, बाहेरच्या फाइलचा फक्त पत्ता ठेवतो. काकांच्या लेखातले दोन फोटो, ‘द्वारका’च्या डेकवरचा एक आणि मनामातल्या पहिल्या खोलीतला एक, पडद्यावर धुरकट चौकोन म्हणून दिसतात. मूळ फाइली ‘फोटो २’ नावाच्या सीडीवर आहेत असं पेजमेकर सांगतो. ती सीडी आपल्या कपाटात नाही. कपाटातल्या अकरांपैकी तीन सीडी वाचता येत नाहीत, दोनांचा चकचकीत थर सुटलाय, आणि एसी नसलेल्या खोलीत इतकी वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार. तेव्हा २००३ च्या समितीत जे कुणी होते, किंवा ज्यांच्या भावाचं, मेव्हण्याचं त्या समितीत जाणं-येणं होतं, त्यांनी घरी जाऊन माळ्यावर, सूटकेसच्या कप्प्यात, जुन्या गाण्यांच्या सीडींच्या पाकिटात एकदा बघा. वर हिरव्या मार्करने ‘फोटो २’ लिहिलेलं असेल. सापडली तर ड्राइव्हमध्ये घालून बघू नका, तशीच शुक्रवारी खोलीवर आणा. आम्ही साडेचारपासून तिथे असतो.